मोरीतून वर आलेलं पाणी

कुर्ल्यात तळमजल्यावर राहिलेल्या माणसाला विचारा, घरात पाणी शिरतं तेव्हा ते पहिल्यांदा कुठे दिसतं. बहुतेक जण मोरीकडे बोट दाखवतील. आधी जाळीतून गुडगुड आवाज येतो. मग झुरळं निघतात, दोन-चार नव्हे, शेकड्यांनी, आणि भिंतीवर सरळ वर चढत जातात. त्यानंतर जाळीभोवती काळपट पाण्याची चकती पसरायला लागते. बाहेर रस्त्यावर तेव्हा पाणी असतं, पण ते उंबऱ्याला अजून टेकलेलंही नसतं. २६ जुलै २००५ च्या दुपारी आमच्याकडे असंच झालं. आई दाराला फळी लावून फटीत जुन्या चादरी कोंबत होती आणि मी मागून ओरडले, "आई, पाणी मोरीतून येतंय!"

आज वीस वर्षांनी मला वाटतं, घरात येणारं पाणी येतं कुठून हे एवढं जरी नीट कळलं तरी बाकीचं बरंच उलगडतं. ते कुठे अडवायचं, त्याला हात लावायचा की नाही, ओसरल्यावर काय ठेवायचं आणि काय टाकायचं, या सगळ्याचं उत्तर त्यात आहे. कारण ते पाणी पावसाचं उरलेलं नसतं. ते गटाराचं झालेलं असतं.

पाऊस, गटार आणि भरती

पावसाचे आकडे मिलिमीटरमध्ये सांगतात आणि ते कानावरून जातात. ते डोळ्यांपुढे आणायची एक सोपी युक्ती आहे. १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. सोसायटीची गच्ची ३०० चौरस मीटरची असेल आणि १०० मिमी पाऊस झाला, तर एकट्या गच्चीवरून ३० हजार लिटर पाणी खाली उतरतं, म्हणजे १० हजार लिटरचे तीन टँकर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पावसाची नोंद झाली. तिथल्या दर चौरस मीटरवर जवळजवळ हजार लिटरची एक काळी टाकी ओतली गेली असं समजा. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिमीसुद्धा पाऊस नव्हता. शहर एकच, पण एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला नेहमीची सर. म्हणून "मुंबईत किती पाऊस झाला" यापेक्षा आपल्या भागात, गेल्या तासाभरात किती झाला, हे बघायला हवं. १०० मिमी पाऊस दिवसभरात पडला तर गटारं तो खेचून नेतात. तोच दोन तासांत पडला तर नाही.

का नाही, तर मुंबई शहरातली जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ब्रिटिश काळातली आहे. ताशी २५ मिमी पाऊस, समुद्राला ओहोटी, आणि पडलेल्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल, असं धरून ती आखलेली. आज अंगणांत फरशा आहेत, रस्त्यांना काँक्रीट आहे, फुटपाथला पेव्हर ब्लॉक आहेत. मुरायला जागाच कुठे राहिली? मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या सुधारण्यासाठी केलेल्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिमी धरून सगळी आखणी नव्याने करायला सुचवलं, पण त्यातल्या कामांना खरा वेग २००५ च्या तडाख्यानंतर आला. हाजी अली, ईर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध ही पंपिंग स्टेशनं त्यातूनच उभी राहिली. पंप लागतात ते भरतीमुळे. गटारांची बरीच तोंडं समुद्रात किंवा खाडीत भरतीच्या पातळीखाली उघडतात. भरती चढली की समुद्राचं पाणीच उलटं आत यायला बघतं. मग दरवाजे बंद करावे लागतात आणि शहरातलं पाणी पंपाने उचलून बाहेर टाकावं लागतं. २६ जुलैलाही दुपारी ४.४८ मीटरची भरती होती, आणि पावसाचा जोरही दुपारीच वाढला.

कोकणातल्या जुन्या जाणत्यांचा भरतीचा एक ढोबळ हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचारच्या सुमारास. दिवसाला दोन भरत्या, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं हे खरं, पण मोबाइल बंद पडलेल्या रात्री बोटांवर करता येणारा हिशेब कामाला येतो. त्यावरून एवढं नक्की कळतं, की पाणी अजून चढायचं आहे की दोन-तीन तासांत उतरायला लागेल.

आता मोरीकडे येऊ. शाळेत शिकलो होतो, जोडलेल्या भांड्यांत पाण्याची पातळी सारखी राहते. रस्त्यावरचं गटार, कंपाउंडमधला चेंबर, तुमच्या मोरीची जाळी आणि संडासचं भांडं ही अशीच जोडलेली भांडी आहेत. कागदावर पावसाच्या पाण्याची गटारं वेगळी आणि मलवाहिन्या वेगळ्या, पण रस्ता गुडघाभर तुंबला की सगळ्या झाकणांतून सगळं एकमेकांत मिसळतं. रस्त्यावरच्या पाण्याची पातळी तुमच्या फरशीच्या वर गेली की दार कितीही घट्ट लावा, पाणी जाळीतून वर येणारच. जुन्या वस्त्यांत याला आणखी एक कारण असतं. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो आणि घर आहे तिथेच राहतं. आमच्या आजोबांच्या वेळी चाळीच्या दाराला दोन पायऱ्या चढून यावं लागे. आज रस्त्यावरून घरात एक पायरी उतरावी लागते.

आधी मोरी, मग दार

जोराचा पाऊस आणि भरती एकत्र येणार असं दिसलं की पहिला बंदोबस्त मोरीचा आणि संडासचा करा. जाळीत जुन्या टॉवेलचा घट्ट बोळा बसवा, त्यावर जाड प्लास्टिक, आणि त्यावर वजन. वजन किती लागतं? वाटतं त्यापेक्षा कमी. चार इंची पाइपात अर्धा मीटर, म्हणजे साधारण गुडघाभर पाण्याचा दाब वर ढकलत असेल तर तो जेमतेम चार किलोच्या आसपास भरतो. दहा किलो वाळूची पिशवी किंवा घरातला पाटा त्याला पुरून उरतो. पाण्याने भरलेली बादली मात्र ठेवू नका. बाजूने पाणी चढलं की ती हलकी होऊन बाजूला सरकते. संडासच्या भांड्यातही दुहेरी प्लास्टिक पिशवीत वाळू भरून ती तोंडाशी दाबून बसवायची.

दाराशी फळी, प्लास्टिकचा कागद आणि वाळूच्या पिशव्या. प्लास्टिक बाहेरच्या बाजूने लावायचं, म्हणजे पाण्याच्या दाबानेच ते फळीला चिकटतं. इथे मात्र एक मर्यादा ओळखायला हवी. मीटरभर रुंद दाराबाहेर दोन फूट पाणी साचलं तर दारावर सुमारे १८० किलोचा रेटा येतो. पाण्याची उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. चाळीतल्या साडेचार इंची विटांच्या भिंतींना तो सोसत नाही. बाहेर दोन फुटांच्या वर पाणी गेलं आणि अजून चढतंय असं दिसलं, तर अडवणं सोडा आणि माणसं वर न्या. घरात शिरलेलं पाणी उपसता येतं, कोसळलेल्या भिंतीखालून माणूस काढणं तसं नाही.

वीज

हा भाग मला सगळ्यात काळजीने लिहायचा आहे, कारण घाईत लोक इथेच चुकतात.

पाणी मोरीत दिसलं की मेन स्विच बंद करायचा. फरशी कोरडी असताना, कोरड्या हाताने, पायात रबरी चप्पल घालून. ती वेळ टळली असेल आणि तुम्ही पाण्यात उभे असाल, किंवा पाणी प्लगच्या बोर्डापर्यंत पोहोचलं असेल, तर मेनला हात लावायला जाऊ नका. बाहेर पडा आणि वीज कंपनीला फोन करून बाहेरूनच पुरवठा तोडायला सांगा. त्यांचा नंबर बिलावर असतो. तो आजच मोबाइलमध्ये घाला, कारण त्या वेळी बिल पाण्यात असतं.

मेन बंद केला म्हणजे झालं असंही नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन गेल्याबरोबर तो आपोआप सुरू होतो आणि तारांत वीज राहतेच. तो वेगळा बंद करावा लागतो. बऱ्याच घरांत त्याची बॅटरी कोपऱ्यात जमिनीवरच असते. तिला निदान तीन फूट उंच लोखंडी मांडणीवर बसवून घ्या. जमिनीवर लोळणारा एक्स्टेंशन बोर्ड आधी उचला.

पाणी ओसरल्यावरचा धोका वेगळा असतो. फरशी कोरडी दिसते, बोर्ड पुसला की चकचकीत दिसतो, पण भिंतीच्या आत ज्या पाइपातून तारा गेल्यात तिथे पाणी आणि गाळ बसलेला असतो. आमच्या शेजारी एकांनी पाणी ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी "चालू करून बघू या" म्हणून फ्रिजचं बटण दाबलं. फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली होती. ते वाचले, कारण त्यांचा हात झटक्याने मागे फेकला गेला. वायरमनला बोलवा, त्याच्याकडून मेगरने (तारांतून वीज कुठे गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने) तारांची तपासणी करून घ्या, मग एकेक लाइन सुरू करा. पाण्यात बुडालेले एमसीबी (बोर्डातले आपोआप पडणारे स्विच), स्विच आणि प्लग सुकवून वापरू नका, बदला. आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर याच वेळी बसवून घ्या. विजेची गळती होताच तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. एमसीबी ते काम करत नाही, तो तारा वाचवतो. आरसीसीबीवर चाचणीचं एक छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर वीज गेली पाहिजे.

फ्रिजचा काँप्रेसर आणि वॉशिंग मशिनची मोटर दोन्ही तळाशी असतात. वितभर पाणीसुद्धा त्यांना पुरतं. पण ती उघडून, धुऊन, पूर्ण सुकवली तर बऱ्याचदा वाचतात. ओली असताना चालू केली तर जळतात. घाई केली नाही एवढ्यावर वीस-तीस हजार वाचू शकतात. दुचाकी-चारचाकीचंही असंच. इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला की आतले दांडे वाकतात. ढकलून बाजूला लावा आणि गॅरेजवाल्याला बोलवा. विजेवरची स्कूटर बुडाली असेल तर ती चार्जिंगला लावू नका, आणि घराला खेटून ठेवूही नका.

गॅसचा सिलिंडर तरंगतो, भरलेलासुद्धा. भरलेल्या घरगुती सिलिंडरचं वजन तीस किलोच्या आसपास असतं, आणि तो पूर्ण बुडाला तर त्याहून जास्त पाणी बाजूला सारतो. म्हणून तो आडवा होऊन तरंगतो आणि नळी ताणून तोडतो. रेग्युलेटर काढा, वर टोपी लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधून टाका. नंतर वास आला तर १९०६ हा गॅसगळतीचा आपत्कालीन नंबर आहे.

पाण्यातून बाहेर जावंच लागलं तर काठी घेऊन, प्रत्येक पावलाआधी जमीन चाचपडत, रस्त्याच्या कडेची गटारं टाळून जा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. पाणी लवकर जावं म्हणून कुणी झाकण उघडून ठेवतं आणि त्या ढवळलेल्या पाण्याखाली ते भोक कुणालाच दिसत नाही. पाणी कितीही तुंबलं तरी झाकण उघडू नका. महापालिकेच्या १९१६ वर कळवा.

पाणी ओसरल्यावर

पाणी उतरलं की बाया पदर खोचून लगेच झाडू-पोछा हातात घेतात. माझी आईही घेणार होती. थोडं थांबा. आधी फोटो काढा. भिंतीवर पाण्याची रेघ राहिलेली असते, तिच्याशेजारी मोजपट्टी किंवा झाडू उभा धरा, म्हणजे उंची कळते. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, फ्रिज-टीव्हीच्या मागच्या नंबराच्या पट्ट्या, भिजलेल्या गाद्या, कपाटाचा खालचा कप्पा, सगळं. तलाठ्याच्या पंचनाम्याला आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला हेच लागतं. आधी घर धुऊन टाकलं तर नुकसान झालं होतं हे दाखवायला काहीच उरत नाही.

मग साफसफाई. हे गटाराचं पाणी होतं हे लक्षात ठेवा. गमबूट किंवा निदान बंद बूट, रबरी हातमोजे, आणि पायाला जखम असेल तर त्यावर पाणी न शिरणारी पट्टी. आधी गाळ फावड्याने काढा, तो ओला आहे तोवरच. सुकला की सिमेंटसारखा धरतो आणि त्याची धूळ नाकात जाते. मग साबणाच्या पाण्याने घासून धुवा. जंतुनाशक त्यानंतर. हा क्रम उलटा केला तर काहीच साधत नाही, कारण ब्लीचिंग पावडरमधलं क्लोरीन आधी घाणीवरच खर्च होतं आणि जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. चिखलावर पांढरी पावडर भुरभुरून टाकलेली दिसते सगळीकडे. डोळ्यांना बरं वाटतं, पण उपयोग फारसा होत नाही. धुतलेल्या फरशीसाठी दहा लिटरच्या बादलीत मोठा चमचाभर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर विरघळवा. गाळ तळाला बसू द्या, वरचं पाणी फरशीवर ओता, दहा मिनिटं राहू द्या आणि मग पुसा. पावडर जुनी असेल आणि वास येत नसेल तर तिच्यात दम उरलेला नाही.

आणि एक गोष्ट कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगा. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड एकत्र करू नका. एकावर एक लावूही नका. दोन्ही "जास्त स्ट्राँग" व्हावं म्हणून लोक एकाच बादलीत ओततात आणि त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दार-खिडकी बंद असलेल्या छोट्या मोरीत तो फुप्फुसं जाळतो. चुकून झालंच तर बादली तिथेच सोडून मोकळ्या हवेत या.

पिण्याच्या पाण्याकडे लोकांचं लक्ष उशिरा जातं. बहुतेक इमारतींना जमिनीखाली टाकी असते आणि तिचं झाकण अंगणाच्या पातळीवर असतं. अंगणात पाणी साचलं म्हणजे ते टाकीत गेलं असंच धरा, पाणी स्वच्छ दिसत असलं तरी. पंप लगेच चालू केला तर तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि खालच्या मजल्यावरचा त्रास सातव्या मजल्यापर्यंत पोहोचतो. पंप बंद ठेवा, दोन्ही टाक्या रिकाम्या करून घासून घ्या. मग पुन्हा भरून हजार लिटरला १५० ग्रॅम या हिशेबाने ब्लीचिंग पावडरचं निवळलेलं पाणी घाला, नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत ते पाइपांतून खेळवा आणि दिवसभर ठेवून सगळं पाणी काढून टाका. हे पाणी प्यायचं नाही. ते टाकी धुण्यासाठी आहे. जमिनीखालच्या टाकीत माणूस उतरवायच्या आधी झाकण कित्येक तास उघडं ठेवा, एकट्याला उतरवू नका, आणि उपसायचा इंजिनाचा पंप टाकीच्या आत किंवा बंद खोलीत कधीच चालवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, त्याला ना रंग ना वास. हे सगळं होईपर्यंत प्यायचं पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा.

अंगात काय शिरतं

उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हे जिवाणू पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून, डोळ्यांतून आपल्या अंगात जातात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती, आणि त्यानंतर मुंबईच्या पावसाळ्यात लेप्टोचं नाव दरवर्षी निघतं. पाण्यातून चाललेल्या माणसाने २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जावं, पाय ठणठणीत दिसत असले तरी. ते तपासून डॉक्सिसायक्लिनसारखं प्रतिबंधक औषध देतात. पालिकेच्या दवाखान्यांतही ते मिळतं. गरोदर बायका आणि लहान मुलांना हे औषध चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळं असतं, म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊन चालणार नाही. जखम झाली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

ताप लगेच येत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही. तोवर पाण्यात गेलो होतो हेच माणूस विसरलेला असतो. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाही, डोळे लाल. अशा वेळी डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा, की अमुक दिवशी मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो. डोळे पिवळे झाले किंवा लघवी कमी झाली तर घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. डेंग्यूचे डास मात्र साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात, आठ-दहा दिवसांत. पूर ओसरल्यावर गच्चीवरचं भंगार आणि कुंड्यांखालच्या थाळ्या उलट्या करायला विसरू नका.

काय ठेवायचं, काय टाकायचं

हे ठरवताना जीव तुटतो. आमच्या घरात कापसाच्या चार गाद्या होत्या, आईने लग्नानंतर एकेक करून भरून घेतलेल्या. त्या गेल्या, आणि जायलाच हव्या होत्या. गटाराचं पाणी प्यायलेला कापूस आतून कधीच स्वच्छ होत नाही. उशा, फोमचे सोफे, प्लायवूडची फुगलेली कपाटं यांचंही तेच. गोधडी मात्र वाचते. ती जुन्या लुगड्यांचे थर आहेत, कापूस नाही. उकळत्या पाण्यात साबण घालून भिजवा, आपटून धुवा, कडक ऊन मिळेल तेव्हा दोन दिवस वाळवा. आजीची गोधडी आम्ही अशीच वाचवली.

स्टीलची भांडी घासून उकळत्या पाण्यातून काढली की झालं. लाकडी पोळपाट-लाटणं टाका. लाकूड आत पाणी धरून ठेवतं. डब्यातलं धान्य, पीठ, मसाले, झाकण घट्ट वाटलं तरी पाण्याखाली गेलेलं असेल तर टाका. गव्हाच्या कोठीत वरचे चार इंच कोरडे दिसले तरी खालून ओल चढलेली असते.

कागदपत्रं ओली झाली तर ती ओढून सुटी करू नका, फाटतात. पाणी निथळू द्या, मग एकेक पान सोडवून टीपकागद किंवा साध्या कोऱ्या कागदांमध्ये ठेवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. एका दिवसात सगळं होणार नसेल तर प्लास्टिक पिशवीत घालून शेजाऱ्यांच्या चालू फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. गोठलेल्या कागदाला बुरशी येत नाही, मग सवडीने सुकवता येतं. फोटो स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून चित्र वर करून वाळवा. अल्बममध्ये चिकटलेले सुकू दिले तर ते कधीच सुटत नाहीत.

भिंतींना मात्र वेळ द्यावा लागतो. बुरशी एक-दोन दिवसांत दिसायला लागते, पण भिंत सुकायला महिने लागतात, कारण जुलैच्या मुंबईत हवाच पाण्याने भरलेली असते. कपाटं भिंतीपासून वितभर पुढे ओढा, पंखे चालू ठेवा (वीज तपासून झाल्यावरच), दोन समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. पुष्कळ लोक गणपतीच्या आत घर चांगलं दिसावं म्हणून ऑइलपेंट मारून घेतात. आतली ओल त्यात कोंडते, रंगाला फोड येतात आणि विटांतले क्षार वर येऊन भिंतीला लोणा लागतो. घरच्या घरी एक चाचणी करता येते. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून दव जमलं असेल तर रंगारी अजून बोलवू नका.

विम्याचं थोडक्यात. विमा प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" ही एकसारखी पॉलिसी द्यायला लावली आहे. त्यात पूर आणि पाणी साचणं धरलेलं आहे. घराचा विमा असेल तर घरातल्या सामानालाही त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. भाड्याने राहणाऱ्यांना फक्त सामानाचाही विमा घेता येतो. हे फार कमी लोकांना माहीत असतं. गाडीच्या इंजिनासाठी मात्र वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं.

मे महिन्यात करायचं काम

बोळे आणि पाटे हा त्या दिवसापुरता उपाय झाला. कायमचा उपाय म्हणजे मोरी आणि संडासच्या बाहेर जाणाऱ्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप. पाणी बाहेर जाताना ती उघडते, उलटं यायला लागलं की स्वतःच बंद होते. ती अशा जागी बसवून घ्या जिथे झाकण उघडून हात घालता येईल, कारण केस आणि चिंध्या अडकल्या की ती अर्धवट उघडी राहते आणि ऐन वेळी दगा देते. मृग नक्षत्र लागायच्या आधी प्लंबरला बोलवून दरवर्षी ती साफ करून घ्यायची.

प्लंबर सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. झडप बंद असताना घरातलं पाणीही बाहेर जाऊ शकत नाही. त्या वेळात नळ सोडायचा नाही, संडासला पाणी ओतायचं नाही. आणि झडप इमारतीच्या सामाईक पाइपावर बसवली असेल तर वरच्या मजल्यांवरचं सगळं सांडपाणी खाली अडतं आणि सगळ्यात खालच्या मोरीतून वर येतं. म्हणून ती तळमजल्याच्या स्वतंत्र पाइपावर बसवायची, आणि शक्य असेल तर तळमजल्याचा पाइप चेंबरपर्यंत वेगळाच न्यायचा. तरीही रस्ता तुंबलेला असेल तर वरच्यांनी तास-दोन तास पाणी वापरू नये, हे चांगलं.

आमच्या इमारतीत आता हे सगळ्यांना पाठ झालंय. जाळीतून पहिला गुडगुड आवाज आला की मी जिन्यात जाऊन हाक देते, "काकू, नळ बंद करा!" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ती हाक पुढे चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचवतात, आणि मी आत येऊन मोरीवर पाटा ठेवते.